आक्काचं भिंग आणि पंचावन्न इंचांचं गोणपाट

तुमच्या घरातला टीव्ही नक्की कुणासाठी आहे? पाहुण्यांसाठी, शेजाऱ्यांच्या पोटात दुखावं म्हणून, की रोज त्याच्यासमोर बसणाऱ्या माणसासाठी? विचारते, कारण माझ्या भाच्याला याचं उत्तर सापडेपर्यंत एक अख्खा रविवार गेला आणि माझं डोकं फुटायची वेळ आली.

माझी थोरली बहीण, आक्का, कापड गिरणीत सव्वीस वर्षं होती. आधी मागावर, मग तपासणी खात्यात. एक इंची भिंग कापडावर टेकवायचं आणि इंचात धागे किती ते मोजायचं, हे तिचं काम. धागे कमी भरले की तागा परत. मालकाचा जावई मध्ये पडला तरी परत. मागांच्या खडखडाटात तिचे कान गेले. समोर बसून सावकाश बोललं तर ओठांवरून कळतं, नाहीतर नाही. संध्याकाळी घरातले टीव्हीसमोर हसतात, ती विचारते, "काय झालं?" आणि तिचा मुलगा, म्हणजे हाच भाचा, म्हणतो, "काही नाही गं." मोठमोठ्या साहेबांना मी रस्त्यात उभं करून जाब विचारलाय. या 'काही नाही'पुढे मात्र माझं कधी काही चाललं नाही.

जुना टीव्ही कायमचा बंद पडला तेव्हा आक्काने एकच सांगितलं: बोललेलं खाली अक्षरांत यायला हवं, आणि ते मला पलंगावरून वाचता यायला हवं. बजेट तीस हजार. खोली दहा बाय दहा, उशीपासून भिंत सहा फूट. कपाट आणि खिडकी यांच्यामधली जागा चार फूट, बोटभरही जास्त नाही. इतकं सरळ. पण भाच्याच्या डोक्यात पंचावन्न इंच घुसले होते.

"ऑफर आहे मावशी. अठ्ठावीस हजारांत पंचावन्न."

"कपाटाचं दार कसं उघडणार?"

"कपाट हलवू."

"कुठे? तुझ्या डोक्यावर?"

गेलो दुकानात. सगळ्या पडद्यांवर एकच पोपट पंख साफ करत बसलेला. विक्रेता म्हणाला, "रंग बघा मॅडम, पीस न् पीस मोजता येईल." भाचा विरघळला. मीही, खोटं कशाला बोलू, दोन मिनिटं पोपटच बघत राहिले. तेवढ्यात आक्काने पिशवीतून भिंग काढलं आणि नाक पडद्याला लावून उभी राहिली.

लोक वळून बघायला लागले. भाचा पुटपुटला, "आई, काय हे." तिची पाठ होती, तिला कळणार कसं? मी दंड धरून तिला वळवलं. "आक्का, हे कापड नाही."

"माहितीये. तुझा मोर्चा बाहेर ने. मोजणी चुकवलीस माझी."

परत पहिल्यापासून मोजलं. एका इंचात चाळीस टिपके. मग शेजारच्या त्रेचाळीस इंचीवर भिंग टेकवलं. बराच वेळ गेला. माझा जीव मेटाकुटीला आला.

"शंभर झाले, पुढचे मोजत नाही," ती म्हणाली आणि पंचावन्नकडे बोट केलं. "हे गोणपाट आहे."

विक्रेता हसला. "दोन्ही सेम क्वालिटी आहे, आजी."

मी त्याला म्हटलं, "तिच्या समोर उभा राहून बोल. आणि बोलता बोलता खोक्यावरचं बारीक अक्षर वाच."

त्याने वाचलं. पंचावन्नवाल्याच्या अख्ख्या पडद्यावरच्या टिपक्यांचा आकडा त्रेचाळीसवाल्याच्या पाव होता. पुढे मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही, छापणार नाहीत.

"आता तो पोपट घालव," आक्का म्हणाली. "तो बोलत नाही. मला अक्षरं दाखव."

दुकानाकडे अक्षरांचं काहीच नव्हतं. शेवटी भाच्याने मोबाइल जोडून एक सिनेमा लावला. आक्काने स्टूल मागितलं, सहा फूट पावलांनी मोजले आणि बसली. पंचावन्नवर अक्षरं मोठी आली. "पण कडांना दशा सुटल्यात," ती म्हणाली. बत्तीस इंचीवर डोळे बारीक करूनही ओळ अर्धीच लागली. त्रेचाळीसवर मात्र भर दुकानात तिने मोठ्याने वाचलं, "मी जेवून आलोय, तुम्ही बसा." किंमत सव्वीस हजार. रुंदी चार फुटांना दहा इंच कमी.

भाचा तोंड फिरवून पुटपुटला, "एवढासा नेला तर मित्र हसतील."

शेजारी एक बंद टीव्ही होता. त्याच्या काळ्या काचेत आक्काने भाच्याचे ओठ वाचले. "हसू देत. काय म्हणून हसले ते मला वाचून दाखव."

भाच्याने जाऊन त्रेचाळीसचे पैसे भरले.

परवा तिच्याकडे गेले. सिनेमा चालू होता, अक्षरं चालू होती. पडद्यावरचा माणूस तोंड उघडायच्या आधी त्याचं वाक्य खाली उमटतं, त्यामुळे आक्का सगळ्यांच्या आधी हसली. भाच्याने मोबाइलमधून मान वर केली. "काय झालं?"

"काही नाही रे," आक्का म्हणाली आणि पुढची ओळ वाचायला लागली.

तर माझं एवढं ऐका. टीव्ही घ्यायला जाल तेव्हा रोज बघणाऱ्या माणसाला बरोबर न्या, पोपट बंद करायला सांगा आणि तुमच्या पलंगापासून भिंत जितकी लांब तितक्याच अंतरावर बसायला स्टूल मागा. देत नसतील तर मला निरोप धाडा. मी येते.