दादानं सभेत विचारलेला प्रश्न

माझा थोरला भाऊ शांतिसेनेतला जवान म्हणून श्रीलंकेला गेला आणि परत आला तो गुडघ्याखालचा डावा पाय तिथंच ठेवून. पुण्यात इस्पितळात बरेच महिने काढून, कृत्रिम पाय लावून तो येडगावला घरी आला तेव्हा मी कॉलेजात होते. माणसं भेटायला आली, चहा पिऊन गेली, आणि जाताना बहुतेकांनी एकच विचारलं, "पण तिकडं आपलं काय व्हतं?"

दादा म्हणायचा, "मला पण कुणी सांगितलं न्हाई."

त्यापलीकडं तो त्या लढाईबद्दल बोलायचा नाही. नारायणगावात त्यानं मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. विहिरीवरची मोटार जळली की शेतकरी ती त्याच्याकडं आणत. लग्न झालं, वहिनी घरात आली, आणि आम्ही सगळे त्या विषयाला वळसा घालून राहायला शिकलो. एकदाच, आईनं पुन्हा पुन्हा विचारल्यावर, तो म्हणाला होता, "एका सरकारनं पाठवलं, दुसऱ्यानं माघारी बोलावलं. हे म्हणतं त्यांनी पाठवायलाच नको व्हतं, ते म्हणतं ह्यांनी अर्ध्यातून आणलं. त्यांचं त्यांचं भांडण चाललंय. मी माझ्या पायाचं कुणाला विचारू?" आईनं पुन्हा विचारलं नाही.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात कारगिल सुरू झालं. तोवर मी बी.एड. करून हमरस्त्यालगतच्या एका गावात खाजगी संस्थेच्या शाळेत शिकवत होते. नोकरी कायम झालेली नव्हती. आमच्या घरात टीव्ही दिवसभर चालू असायचा. शेजारचे लोक बातम्या बघायला यायचे, डोंगर दिसला की दादाकडं वळून विचारायचे, हे असं कसं, ते तसं कसं. दादा उठून दुकानात जायचा. गावागावात वर्गणी निघत होती, भिंतींवर घोषणा रंगवल्या जात होत्या. नऊ वर्षांत ज्यांनी दादाला एक शब्द विचारला नव्हता ते आता त्याला रस्त्यात थांबवून सलाम ठोकत होते. त्याला ते आवडत नव्हतं, पण तो हात वर करायचा.

त्या लढाईत अवसरीकडच्या एका गावचा मुलगा गेला. आमच्या शाळेचा माजी विद्यार्थी. त्याची अंत्ययात्रा निघाली तेव्हा हमरस्त्यावरची वाहतूक थांबली होती आणि आमची मुलं दोन्ही बाजूंना फुलं घेऊन उभी होती. त्याच्या वडलांना सगळे तात्या म्हणत. कांदा-बटाट्याची शेती करणारा उंच, वाळका माणूस. ते पुढच्या जीपमध्ये बसले होते आणि लोकांकडं बघत नव्हते.

लढाई संपल्यावर शाळेच्या पटांगणात श्रद्धांजलीची सभा ठेवली. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, "तुमच्या भावांना व्यासपीठावर बसवायचंय. आणायची जबाबदारी तुमची."

दादा तयार नव्हता. मी हट्ट केला. शेवटी तो म्हणाला, "बसतो. पण बोलणार न्हाई."

सभेला बाहेरून एक पुढारी आले होते. ते चांगलं बोलले. बायका डोळे पुसत होत्या. बोलता बोलता त्यांनी देशानं लढलेल्या लढाया एकेक करून सांगितल्या, तारखांसकट. श्रीलंका त्यात आली नाही. मी दादाकडं पाहिलं. तो खाली सतरंजीकडं बघत होता. मग सूत्रसंचालन करणाऱ्या सरांनी एकेका माजी सैनिकाला शाल दिली आणि दादाची पाळी आल्यावर म्हणाले, "यांनीही बाहेरदेशी शांततेचं काम केलेलं आहे."

दादानं शाल घेतली, घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि माईकपाशी गेला. कुणी त्याला अडवलं नाही, कारण तो आभार मानेल असंच सगळ्यांना वाटलं.

"शांततेच्या कामात माझ्यासंगतीची लई पोरं गेली," तो म्हणाला. "आमाला कुणी पाठवलं, कशाला पाठवलं, चुकलं असंल तर कुणाचं चुकलं, हे आजपातूर कुणी सांगितलं न्हाई. आता ह्या पोराचं विचारतो. माणसं एवढी वर चढून बसली, बंकर बांधले, तवर आपल्याला पत्ता कसा लागला न्हाई? ज्यांनी बघायचं व्हतं ते कोण? पोरांनी डोंगर परत घेतला, त्यांचं काम त्यांनी केलं. ज्यांनी केलं न्हाई त्यांचं नाव कधी सांगणार?"

 मग मागून कुणीतरी ओरडलं, "खाली बसवा त्याला." दुसरा म्हणाला, "शहिदाचा अपमान करतोय." संस्थेचे अध्यक्ष उठले, माईक बंद झाला.  सगळ्यांचं लक्ष पहिल्या रांगेतल्या तात्यांकडं गेलं. तात्या उठले, टोपी नीट केली आणि कुणाशी न बोलता पटांगणाबाहेर निघून गेले. त्यानंतर सभा अशी राहिलीच नाही. गावातली तरुण पोरं व्यासपीठाकडं सरकू लागली. मी दादाचा दंड धरून त्याला मागच्या फाटकानं बाहेर काढलं.

 घरात शिरल्यावर मी त्याला म्हणाले, "तुला हीच जागा सापडली? त्या माणसाचा मुलगा गेलाय."

"मग कुठं विचारायचं?" दादा म्हणाला. "जागा सांग, तिथं जाऊन विचारतो."

माझा राग आणखीच वाढला.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी सांगितलं की भावानं जाहीर माफी मागितली तर बरं, नाहीतर माझ्या नोकरीबाबत संस्थेपुढं त्यांचंही काही चालणार नाही. दादाच्या दुकानात मोटारी यायच्या बंद झाल्या. ज्या आधीच दुकानात होत्या त्याही लोक दुरुस्त न करताच उचलून नेऊ लागले. गिरणीत वहिनीच्या मागून आलेल्यांची दळणं आधी लागायची. तोंडावर कुणी काही बोलत नव्हतं, आणि तेच जास्त अवघड जात होतं.

चार-पाच दिवसांनी, ऊन उतरता उतरता, मोटारसायकलींवरून पोरं आली. अंगण भरलं. काहींना मी नावानं ओळखत होते. पुढचा म्हणाला, "भाऊ, उद्या चौकात या आणि माफी मागा. न्हाईतर आमी न्यायला येऊ."

दादा बाजेवर बसला होता. "कशाची माफी?"

"तात्यांच्या पोराचा अपमान केला त्याची."

आई दारात उभी होती. वहिनीनं आपल्या लहान मुलाला आत ओढून घेतलं. एकानं दादाच्या स्कूटरला लाथ घातली, ती आडवी झाली आणि पेट्रोल गळायला लागलं. त्या वासानं मी फार घाबरले. कुणाकडं काडेपेटी आहे का म्हणून माझं लक्ष सारखं पोरांच्या हातांकडं जात होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "सरा बाजूला."

तात्या होते. एसटीनं नारायणगावपर्यंत आणि तिथून जीपनं आले होते. पोरांमधून वाट काढत ते बाजेपाशी आले. पुढच्या पोराला म्हणाले, "माज्या पोराचं नाव घेऊन आलाय. मला विचारलं व्हतं का?"

पोरगा म्हणाला, "तात्या, तुमी सभेतून उठून गेला म्हणून..."

"मला तिथं बसवंना म्हणून गेलो. तुमाला कुणी पाठवलं न्हाई. जावा घरी."

पोरं गेली, पण लगेच नाही. रस्त्याच्या कडेला बराच वेळ मोटारसायकली घरघरत होत्या. तात्या बाजेवर दादाशेजारी बसले. आईनं पाणी आणलं. मला वाटलं, आता हे दादाची पाठ थोपटतील. तसं झालं नाही.

"त्या दिवशी विचारायला नको व्हतं," तात्या म्हणाले. "ती माज्या पोराची सभा व्हती. तुजी नव्हती."

दादानं मान हलवली. "खरंय."

"पण तू बोलल्यापासून मला झोप न्हाई. मला सांग, माजं पोरगं वर चाललं तवा त्याला पाठवणाऱ्याला ठावं व्हतं का, वर किती जण बसल्यात?"

 दादानं हो म्हटलं असतं तर तात्यांना चीड आली असती, नाही म्हटलं असतं तरीही. "मला म्हाईत न्हाई तात्या," तो म्हणाला. "मी तिथं नव्हतो. म्हाईत असल्यासारखं बोललो तर मीबी त्या पुढाऱ्यासारखाच."

तात्या रडले नाहीत. त्यांनी पाण्याचा तांब्या संपवला आणि म्हणाले, "मग ज्याला म्हाईत हाय त्याच्याकडं माज्यासंगं चल."

ते दोघं खरंच हिंडले. तालुक्याला गेले, पुण्याला गेले. कधी मीही बरोबर असायचे. सगळीकडं खुर्ची मिळायची, चहा मिळायचा, मुलाचं कौतुक व्हायचं. प्रश्न निघाला की समोरचा माणूस हळू आवाजात म्हणायचा, हे आमच्या हातातलं नाही, वरचं आहे. दादा एकदा बाहेर पडताना म्हणाला, "मला वाटलं व्हतं आपल्याला हाकलून तरी देतील. हे तर पाया पडत्यात आन् काय सांगत न्हाईत."

मग निवडणूक आली. एके दिवशी शाळेतून येताना वाटेत कळंबला एसटीच्या खिडकीतून मला रस्त्यावर आडवा बांधलेला मोठा कापडी फलक दिसला. एका बाजूला उमेदवार हात जोडून, दुसऱ्या बाजूला तात्यांचा मुलगा. पेंटरनं वर्तमानपत्रातल्या फोटोवरून काढला असावा. मुलाला मिशी नव्हती, फलकावर होती. मी उतरून तात्यांना निरोप पाठवला. पाठवावा की नाही याचा विचार करायला हवा होता, पण केला नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तात्या आणि दादा तिथं आले, शाळेतून सुटी घेऊन मीही आले. दादाच्या दुकानातली शिडी आणि पक्कड बरोबर होती. दादाला चढता येत नव्हतं, म्हणून तात्या चढले. मी आणि दादानं शिडी धरली. खालून ट्रक जात होते, हॉर्न वाजवत होते. एका बाजूची तार तुटली आणि फलक लोंबायला लागला तशी उमेदवाराची जीप आली. पाच-सहा जण उतरले.

"ए म्हातारबा, खाली उतर."

तात्या दुसऱ्या बाजूची तार तोडायला शिडी सरकवायला सांगत होते. आम्ही ती सरकवली. एकानं शिडीला हात घातला. दादा त्याच्या आणि शिडीच्या मधे उभा राहिला. "पाडशील तर आधी मला पाड," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. पण मला त्याच्या मानेच्या शिरा दिसत होत्या, आणि तो माणूस शिडी सोडत नव्हता.

हवालदार आला. त्यानं विचारलं काय चाललंय. जीपवाले म्हणाले आमचा फलक फाडतायत. तोवर दुसरी तार तुटून फलक रस्त्याकडेला पडला होता. तात्या खाली उतरले, मातीत बसले आणि कापडाची घडी घालायला लागले. मुलाचा चेहरा आत राहील अशी.

"साहेब, ह्यो माजा पोरगा हाय," ते हवालदाराला म्हणाले. "मी त्याला घरी घेऊन चाललोय. त्यांचं जे काय हाय ते कापून देतो त्यांना."

हवालदारानं जीपकडं पाहिलं, जमलेल्या लोकांकडं पाहिलं. मग तो म्हणाला, "जाऊ द्या त्यांना." एक फळवाला पुढं येऊन घडी घालायला लागला. जीपवाला शिडी सोडून मागं झाला.

दोनच दिवसांनी दुसऱ्या पक्षाची माणसं हार घेऊन तात्यांकडं आली. आमच्या स्टेजवर या, तुमचा प्रश्न आम्ही विचारू, म्हणाली. तात्यांनी शेजारी बसलेल्या दादाकडं बोट दाखवलं. "ह्याच्या लढाईच्या टायमाला तुमी कुठं व्हता ते आधी सांगा." हार घेऊन ती माणसं परत गेली.

शैक्षणिक वर्ष संपताना शाळेनं मला कामावरून कमी केलं. विद्यार्थी कमी झाले असं कारण दिलं. लढाईची चौकशी झाली होती, अहवाल आला होता, आणि वर्तमानपत्रात त्यातलं जेवढं छापून आलं तेवढं मी तात्यांना ओसरीवर बसून वाचून दाखवलं. काही भाग सुरक्षेसाठी वगळला होता. तात्यांनी विचारलं, "नाव कुणाचं हाय?" मला तरी कुणाचं दिसलं नाही. त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. पण दर निवडणुकीला ते मतदानाला जायचे आणि मत मागायला आलेल्या प्रत्येकाला तोच प्रश्न विचारायचे. हळूहळू उमेदवारांनी त्यांच्या घराकडं यायचं सोडलं. दादाच्या दुकानात मोटारी पुन्हा यायला लागल्या. माफी कुणी मागितली नाही, आम्हीही नाही.

काही वर्षांनी मला अवसरीकडं दुसऱ्या शाळेत नोकरी लागली. एका पंधरा ऑगस्टला तिथल्या मुख्याध्यापक बाईंनी दादाला मुलांशी बोलायला बोलावलं. सगळं ठाऊक असूनही बोलावलं. दादानं भाषण केलं नाही. म्हणाला, तुमीच विचारा. मुलांनी जेवण कसं असतं, थंडी किती असते, असं विचारलं. मग सातवीतली एक मुलगी उठली. "तुम्ही कुणाला मारलं होतं का?"

बाई पुढं झाल्या, पण दादानं हातानं थांबवलं.

"हो," तो म्हणाला. "एका माणसाला. तो त्याच्या घरातनं पळत बाहेर आला व्हता. हातात काय न्हाई हे मला नंतर दिसलं."

"तुम्हाला तसं सांगितलं होतं का?"

"हुकूम व्हता, घरातनं कुणी पळालं तर गोळी झाडायची. पण हुकूम देणारा तिथं नव्हता. बंदूक माज्या हातात व्हती. ते मी दुसऱ्या कुणावर टाकू शकत न्हाई."

मुलीनं विचारलं, "मग तुम्हाला शिक्षा झाली?"

"न्हाई. कुणी विचारलंच न्हाई."

मी दाराशी उभी होते. इतक्या वर्षांत हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मुलगी खाली बसली. बाईंनी दादाला पाणी दिलं आणि पुढच्या मुलाला प्रश्न विचारायला सांगितला. त्यानं विचारलं, श्रीलंकेत नारळ खरंच एवढे मोठे असतात का. दादानं दोन्ही हात लांब करून दाखवलं.

परत येताना मी स्कूटरवर मागं बसले होते. विचारलं, "वहिनीला मी सांगू?"

"नको," दादा म्हणाला. "माजं मी सांगतो."

घरी गेल्यावर त्यानं आधी आईला बाहेर बोलावलं, मग वहिनीला, आणि दोघींना समोर बसवलं.