पुढच्या सीटवरचा थेंब

आमच्या नाटक कंपनीत राजे पुष्कळ होऊन गेले, पण पडद्याची दोरी शेवटपर्यंत एकट्या पिराजीच्या हातात राहिली. पडदा ओढणं, दिवे सांभाळणं, आम्हा नटनट्यांना मोटारीतून गावोगाव नेणं आणि मोटार वाटेत रुसली की तिच्या पोटाखाली शिरणं, ही सगळी कामं त्याची. पिराजी कांबळे मूळचा हातकणंगल्याजवळच्या वाडीतला. सदुसष्ट साली कंपनीत आला आणि कंपनी बंद पडली त्या दिवशी शेवटचा पडदाही त्यानंच पाडला.

एकदा आजऱ्याला तिसऱ्या अंकाच्या तोंडावर वीज गेली. प्रेक्षक शिट्ट्या मारायला लागले. पिराजीनं मागची कनात वर गुंडाळली, मोटारीचं तोंड रंगमंचाकडे केलं आणि तिच्या दिव्यांच्या उजेडात अख्खा अंक पार पडला. टाळ्या आम्हाला मिळाल्या, बॅटरी मात्र बसली. मग जरीच्या शेल्यासकट महाराज, प्रधानजी आणि मी महाराणी, असे तिघं गाडी ढकलायला लागलो. पिराजी स्टिअरिंगवरून ओरडत होता, "म्हाराज, जोर लावा की! दोन टायमाचं मटान जातंय कुठं?"

कंपनी मिटल्यावर ती पांढरी, गोल टपाची मोटार मी विकत घेतली. पिराजीनं उद्यमनगरात पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज टाकलं. माझ्या गाडीला त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. पिराजीला एकच खोड होती. यंत्रांना तो बिनदिक्कत 'न्हाय' म्हणे, पण माणसाला, त्यातून वडीलधाऱ्या माणसाला, 'न्हाय' म्हणायचं त्याच्या जिभेवर कधी आलं नाही.

त्याची एकुलती एक लेक निशा त्याच गाडीच्या पुढच्या सीटवर वाढली. गाडी तपासायला काढली की पिराजी चालवायचा आणि ही शेजारी बसून, "आबा, मागच्या उजव्या चाकाचा आवाज येतोय," असं सांगायची. पुढं ती शाळेत शिक्षिका झाली. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात हातकणंगल्याच्या संघर्षशी तिचं लग्न ठरलं. तिनं एकच हट्ट धरला.

"मंडपापर्यंत गाडी आबांनीच चालवायची आणि मी पुढं बसणार. मागं फुलांत बसवलंसा तर मी यष्टीनं जाईन."

लग्न रविवारी होतं. गुरुवारी आम्ही तिघं महाद्वार रोडवरून तिची लग्नाची साडी घेऊन आलो. त्यांच्या बौद्ध रिवाजाप्रमाणे पांढरीशुभ्र, बारीक काठाची. साडीची पिशवी मांडीवर घेऊन निशा पुढं बसली होती. घराजवळ आलो आणि डॅशबोर्डाखालून एक थेंब टपकन त्या कागदी पिशवीवर पडला. मागोमाग दुसरा पडला.

निशानं पिशवी चटकन उचलून माझ्याकडे मागं दिली. साडीला काही झालं नव्हतं, कागदावर मात्र रुपयाएवढा पिवळट डाग पसरत होता.

"आबा, गाडी रडाय लागली की."

"गेजची नळी सुटली असंल," पिराजी म्हणाला. इंजिनातल्या तेलाचा दाब दाखवणारी एक तबकडी डॅशबोर्डावर होती आणि तिच्यापर्यंत इंजिनातून बारीक नळी येत होती. अशा जुन्या गाडीत समोरून तेल गळलं की पहिला संशय तिच्यावरच. त्यानं नळीचा नट आवळला, वॉशर बदलला. शुक्रवारी सकाळी चक्कर मारून आलो, तर पुढच्या पायपुसण्यावर पुन्हा थेंब.

"मग मी मागं बसते, आबा. त्यात काय एवढं," निशा म्हणाली. म्हणाली हसतच, पण पिराजीच्या हातातला पाना तिथंच थांबला.

"पुढंच बसायचं," तो म्हणाला. "तू गप."

त्यानं थेंब बोटावर घेतला, अंगठ्यानं चोळला, हुंगला आणि बोट माझ्या नाकाशी आणलं.

"बघा आक्का. इंजिनचं तेल काळं पडलेलं असतंय. ह्ये पिवळं हाय, आणि वास कसा नाकात जातोय. ह्ये गिअरचं तेल."

"अरे, गिअर तर आपल्या पायाखाली. तेल काय जिना चढून वर आलं?"

"त्येच तर कळंना."

डॅशबोर्डाच्या मागं बघायचं म्हणजे पिराजीला उलटं व्हावं लागे. पाय सीटच्या पाठीवर, कंबर सीटवर आणि डोकं खाली पेडलपाशी. वर वायरींचा, नळ्यांचा गुंता. हात जाई तिथं नजर जात नव्हती, आणि सगळ्यांवरच तेलाचा हात फिरल्यामुळं चोर कोण नि साव कोण ते ओळखू येत नव्हतं. त्यानं फडक्यानं एकूणएक नळी कोरडी केली. पण गाडी उभी असताना एक थेंब गळेल तर शपथ. गळायचं ते धावतानाच, आणि धावत्या गाडीत तिथं डोकं घालून बसणार कोण?

मी घरात गेले आणि माझी रंगभूषेची पेटी घेऊन आले. तळाशी पांढऱ्या पावडरीचा डबा अजून अर्धा शिल्लक होता.

"आक्का, मेकपची पावडर? हितं?"

"तीस वर्षं तोंडाला लावली आहे. घाम कुठून फुटला हे या पावडरीइतकं स्पष्ट कुणी दाखवत नाही. लाव सगळ्यांना."

निशानं टॉर्च धरला, मी पफ भरभरून देत राहिले आणि पिराजी उलट्या अंगानं एकेक नळी रंगवत गेला.

"गेजच्या नळीला लावली. वायरींना लावली. ह्या स्पीडच्या केबलीला पण लावू?"

"लाव. नाटकात कुणी बिनरंगाचं उभं राहत नाही."

तो बाहेर आला तेव्हा मिशा, भुवया, कपाळ सगळं पांढरंफेक. निशा टॉर्चसकट खाली बसली. "आबा, नवरदेवापेक्षा तुम्हीच गोरं झालासा की!"

शिरोलीपर्यंत जाऊन आलो. पिराजी पुन्हा उलटा झाला.

"गेजची नळी कोरडी," आतून आवाज आला. "वायरी कोरड्या." मग, "घावली. केबल!"

मीही वाकून पाहिलं. डॅशबोर्डाच्या मधोमध बसवलेल्या, वेग दाखवणाऱ्या मीटरच्या मागं जिथं केबल जोडलेली होती, तिथल्या पांढऱ्या पावडरीत एक ओलं पिवळं कडं उमटलं होतं.

पिराजी उठून बसला आणि निशाला सांगायला लागला. "ही केबल गिअरबॉक्समधनं निघती ती मीटरला येती. आत पिळाची तार असती, गाडी पळाली की ती फिरती. पिळावर पीळ चढत तेल वर येतंय, हिरीवरच्या रहाटागत. पण तेल आधी त्या तोंडापतूर पोचाय पायजे. गिअरबॉक्समधी खुणंच्या वर भरल्याबिगर..."

तो एकदम थांबला आणि फडक्यानं हात पुसत बसला.

तो का थांबला, ते मला त्याच क्षणी कळलं. पंधरा दिवसांपूर्वी माझ्याच अंगणात त्यानं गाडीची सर्व्हिसिंग केली होती. गिअरच्या दांड्याजवळचं झाकण काढून तो वरून तेल ओतत होता आणि पट्टी बुडवून तिच्यावरची खूण बघत होता. "झालं आक्का, खुणंपतूर आलं," म्हणाला. मी चहा घेऊन उभी होते. "खुणेपर्यंत? लग्नाची गाडी आहे ती! आपल्याकडं पाव्हण्याला कधी खुणेपर्यंत वाढतात का रे? ओत अजून." "आक्का, यंत्राला तसं..." "ओत म्हणते ना! हात काय आखडतोस?" आणि पिराजीनं मान खाली घालून उरलेला डबा रिकामा केला होता.

"माझंच माप चुकलं," आता तो फडक्याकडे बघत म्हणाला. "डोळं म्हातारं झालं."

मी पफ डब्यात ठेवला आणि पेटीचं झाकण लावलं.

शनिवारी त्यानं जास्तीचं तेल काढून टाकलं. नवी केबल सोमवारशिवाय मिळणार नव्हती, म्हणून आतली पिळाची तार उपसून काढली, रिकाम्या नळीच्या तोंडाला माझ्या पेटीतल्या मिशा चिकटवायच्या गोंदाच्या बाटलीचं बूच घट्ट बसवलं आणि दोन वेळा शिरोलीला जाऊन आला. पायपुसणं कोरडं राहिलं.

"फकस्त स्पीडचा काटा चालणार न्हाय," तो निशाला म्हणाला. "शून्यावरच ऱ्हाणार."

"ऱ्हाऊ दे की."

रविवारी निशा पांढऱ्या साडीत पुढं बसली. मागं मी आणि पिराजीची बायको तानाबाई. बाकीचे टेंपोनं केव्हाच पुढं गेले होते. गाडी निघाली आणि मला वाटलं, हँडब्रेक काढायचा राहिला की काय! कॅन लावलेल्या सायकलवरून एक गवळी आम्हाला मागं टाकून गेला. दूध घालून परत येताना तो आम्हाला पुन्हा भेटला.

"अवो, धाचा टाइम दिलाय तितं," तानाबाई म्हणाली.

"काटा शून्यावर हाय," पिराजी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "किती पळतीया, मला काय म्हाईत?"

निशा हसली. मग तिनं काच खाली केली आणि हातकणंगले येईपर्यंत तोंड बाहेर करून बसली.

मंडपाच्या दारात संघर्षचे वडील अण्णासो वाट बघून घामाघूम झाले होते. "काय पावणं, चालत आलासा काय?"

"गाडीत तेल जादा झालतं," पिराजी म्हणाला. "माझं माप चुकलं."

"आयला, मिस्त्री आणि माप चुकलं!" अण्णासो मोठ्यानं म्हणाले. "बघा रं, आमच्या पोराच्या सासऱ्याकडं कुणी गाडी देऊ नका!"

मांडव हसला. पिराजीही हसला, बुटांकडे बघत. मला ते पाहवेना. मी पायरीवर चढले आणि शेवटच्या रांगेसाठी राखलेला आवाज काढला.

"माप पिराजीचं चुकलं नाही! तो खुणेवर थांबला होता. मी त्याला दटावून ओतायला लावलं. चूक माझी आहे."

मग अण्णासोंनी हात जोडले. "मग आक्का, जेवाय वाढायला तुमीच उभ्या ऱ्हावा. कोन उपाशी जायचं न्हाय!"

दुसऱ्यांदा मांडव हसला, तेव्हा पिराजीची मान वर होती.

"कशाला सांगितलासा?" तो माझ्या कानाशी पुटपुटला. "माझं चाललं असतं."

"माझं चाललं नसतं."

निशा गाडीतून उतरली. तानाबाईनं साडी पुढून मागून निरखली. एक ठिपका नव्हता. वंदना झाली, हार घातले गेले, फुलं पडली. पंगतीत मी खरंच वाढायला उभी राहिले आणि खुणेवर कुठंही थांबले नाही.

परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. तानाबाई पाहुण्यांबरोबर टेंपोनं गेली. निशाची पुढची सीट मोकळी होती म्हणून मी पुढचं दार उघडायला गेले.

"आक्का, तुमी मागंच बसा," पिराजी म्हणाला. "पुढं अजून थेंब पडतोय."

पायपुसणं कोरडं ठणठणीत होतं. ते त्याला दिसत होतं आणि मलाही. मी मागं बसले.