करंगळीचं नख

शहागंजातले गॅरेजवाले चाचा सगळी नखं कापतात, फक्त उजव्या करंगळीचं राखतात. इंजिन उघडलं की ते नख सिलेंडरच्या आतून हळूच वर ओढतात. काठाशी जितकं अडकेल, तितकी झीज. निकाल कसलाही असो, गिऱ्हाइकाचा चहा संपल्याशिवाय ते सांगत नाहीत.

पप्पांच्या जुन्या गाडीत नख चांगलंच अडकलं. पप्पा धीर न होऊन बाहेरच थांबले होते. चाचांनी मलाही आत बोट फिरवायला लावलं.

"लई घासलंय, बेटा. आधीच दोनदा आतून तासून बोअर केलंय, आता भिंत पातळ राह्यली. इंजिन पुन्हा बांधून फायदा नाय. या वेळी तूच सांग त्यांना, माझ्यानं नाय व्हायचं."

मला तर रिक्षा थांबवायलाही संकोच वाटतो. तरी बाहेर गेले.

"बांधता येईल ना गं?" पप्पांनी विचारलं.

"आधी चहा घ्या, पप्पा," मी म्हणाले.