सशाच्या कानावरचं ओलं फडकं

आवडी कशेळ्याच्या वरच्या ठाकूरवाडीतली. खालापूरकडच्या एका सलाईन कंपनीत ती सशांचे पिंजरे झाडायची आणि चाचणीच्या वेळी ससे सांभाळायची. तिथला न्याय सरळ होता. नव्या मालातलं सलाईन सशाच्या कानाच्या शिरेत टोचायचं आणि त्याला ताप चढतो का ते बघायचं. चढला तर माल फेकायचा, ससाही मारायचा. तापलेला ससा पुन्हा कामाचा नसतो म्हणे.

त्यातल्या एका आडदांड सशावर आवडीचा जीव जडला होता. त्याला ती लाडक्या म्हणायची. एकदा टोचल्यावर त्याचे कान तिच्या हाताला गरम लागले. वाडीवर पोराचा ताप कानालाच हात लावून बघतात, आणि ओलं फडकंही तिथेच ठेवतात. तिनेही तेच केलं. यंत्रावर ताप दिसला नाही. लाडक्या वाचला आणि माल टेंपोत चढला. त्या बाटल्या कुणाला लागणार, हे तिच्या मनाला शिवलंही नाही.

चाचणीवर देखरेख करणाऱ्या यज्ञेशसाहेबांनी काचेतून सगळं पाहिलं होतं. आता नोकरी गेली, असं तिला वाटलं. साहेब हसले.

"आवडी, तुझा हात थंड आहे. यापुढे प्रत्येक चाचणीला तूच बसायचं."

शिकलासवरलेला, गोडबोल्या आणि पक्का हरामखोर माणूस. आणि ही वेडी प्रत्येक तापलेल्या कानावर फडकं ठेवत गेली, वर वाडीभर सांगत सुटली, की साहेबांनी माझं कौतुक केलं.

पुढे तिच्या भाग्यश्रीला जुलाब लागले. जीपने पोरीला खाली दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. थोड्या वेळाने पोर थंडीने थडथड उडू लागली. आवडीने कानाला हात लावला, कान भाजत होता. तिने वर पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण कंपनीचं निळं बूच ओळखीचं होतं.

"बाई, ती बाटली काढा. त्या मालाचा ससा तापला व्हता. मीच त्याचं कान गार केलं."

नर्स हर्षलाला वाटलं, काळजीने बाईचं डोकं फिरलंय. माल तपासून आलेला असतो, असं सांगून तिने आवडीला बाजूला केलं.

आवडीने पदर भिजवून पोरीच्या कानावर धरला. बाटली संपता संपता कान गार पडले, मग हातपाय, मग सगळी भाग्यश्री.

लाडक्या अजून जिवंत आहे.