वाचणारे कमी, पॉइंटवाले फार!

चार लिहिणारे एका जागी जमले की किस्से साचतातच. ते सांगून संपत नाहीत, उलट सांगता सांगता दोन वाढतात!

वाशीमला आमचा पाच जणांचा ग्रुप आहे. सगळे एकाच मराठी ब्लॉगिंग ॲपवर लिहितो. तिथं पोस्ट टाकली की पॉइंट, दुसऱ्याच्या पोस्टवर कमेंट केली की पॉइंट. पॉइंट साठले की कुकर नाहीतर मिक्सर घरपोच. साहित्यसेवा अन् भांडीकुंडी एकदमच!

*

आमचा गजानन वाशीम जिल्ह्यातल्याच मालेगावचा. बी-बियाण्याचं दुकान चालवतो अन् गिऱ्हाइकाचं बियाणं तोलता तोलता कमेंटी टाकतो.

अंगणवाडीतल्या सुनंदाताईंची म्हैस गेली. बाईंनी रडत रडत पोस्ट लिहिली. मिनिटभरात गजाननची कमेंट, "खूप सुंदर! असेच लिहीत राहा!"

ताईंचं उत्तर आलं, "भाऊ, त्यासाठी आता दुसरी मैस मारू काय?"

*

याच गजाननानं लाइक वाढावेत म्हणून आईच्या मोबाइलवरही खातं उघडलं. पण माउली खरंच वाचायला लागली!

गजाननची कविता आली, 'नांगर धरता धरता माझे हात सोलले.' खाली पहिली कमेंट आईची, "बाबू, वावरात तं तुहे बाबा जातेत. तू तं दुकानात फॅनखाली बसून राह्यते!"

*

नितीन मास्तरचं लग्न. रोज पोस्ट टाकली नाही तर बोनस बुडतो, म्हणून गडी बोहल्यावर मान खाली घालून टाइप करतोय. पाहुण्यांना वाटलं, नवरदेव लाजला!

मंगलाष्टकं संपली, अंतरपाट सरकला, तरी मान खालीच. नवरी हार घेऊन उभी. शेवटी तीच म्हणाली, "अवो, मलेई एखादा लाइक द्या ना!"

*

एकदा मीच सगळ्यांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. वाशीमच्या रेल्वे स्टेशनबद्दल लांबलचक लेख लिहिला अन् मधेच टाकलं, 'इथपर्यंत वाचलं असेल तर खाली "वांगं" असं लिहा.'

कमेंटी धडाधड आल्या. 'अप्रतिम!' 'डोळ्यांत पाणी आलं!' एकट्या सुनंदाताईंनी लिहिलं, 'वांगं.'

ते पाहून बाकीच्यांना वाटलं, हीच नवी फॅशन! मग खाली नुसती वांगीच वांगी. गजानन तर म्हणे, "वांगं! वांगं! काळजाले भिडलं!"

*

ग्रुपमधले पाचवे रामदासकाका. एसटीतून रिटायर झालेले, घरी एकटेच. काकू गेल्यावर त्यांनी एकच पोस्ट टाकली. काकू पहाटे उठायची कशी, चहा ठेवायची कशी, एवढंच. लांब होती, म्हणून आम्ही सगळ्यांनी हात जोडल्याचं चिन्ह टाकून पॉइंट घेतले.

कारंज्यापलीकडच्या धनज गावच्या कोण्या एका शेतकऱ्यानं मात्र एका ओळीत विचारलं, "काका, काकू चहात अद्रक टाकत होत्या का गवती चहा?"

ॲपनं त्यालाही तेवढेच पॉइंट दिले, जेवढे आमच्या हात जोडण्याला.

दुसऱ्या दिवशी काकांच्या दाराला कुलूप. फोन लागेना. आम्ही घाबरलो. संध्याकाळी काका कारंज्याकडून येणाऱ्या बसमधून उतरले.

मी ओरडलोच, "काका, कुठं गेलते? आमचा जीव टांगणीले लागला ना!"

"धनजले."

"इतक्या दूर? काहून?"

काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"त्यानं इचारलं होतं ना. सांगाले गेलतो."