हिरामण अण्णांची वाटणी

आमच्या जांभूळ गावात दोन भाऊ वेगळे व्हायचे म्हटले की हिरामण अण्णांना बोलावणं जायचं. त्यांची रीत ठरलेली. थोरल्याने दोन वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. मग थोरला झक मारत सारखेच वाटे पाडतो! "माझी वाटणी आजवर कोर्टात गेली नाही," असं अण्णा मिशीवर बोट फिरवत सांगायचे. जाणार कशी? कोर्टात जाऊ शकल्या असत्या त्या बहिणी, आणि त्यांच्या सह्या अण्णा हक्कसोडपत्रावर आधीच घ्यायला लावत. सही झाली की साडी, नारळ आणि गोडाचं जेवण. माहेर हवं असेल तर हिस्सा मागायचा नाही, हे आमच्याकडे कुणाला सांगावंही लागत नाही.

स्वतःच्या घराचीही त्यांनी तशीच वाटणी केली. धाकट्या भावाने, शिवरामने, बरा वाटा उचलला, अण्णा हसले. बहीण बनूबाईने मुकाट सही केली. पुढे अण्णांनी आपला वाटा जिवंतपणीच दोन्ही मुलांना देऊन टाकला आणि पाळीपाळीने त्यांच्याकडे जेवू लागले.

बनूबाई उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, भाड्याच्या खोलीत राहायची. नवरा गेल्यावर कारखान्यातल्या जीन्सचे सुटे धागे कापून पोट भरायची. डोळे अधू झाले, काम सुटलं, मालक खोली सोड म्हणाला. तिने भावांना निरोप धाडला, "हिस्सा नको. मागच्या पडवीत पडून राहीन."

पडवी शिवरामच्या वाट्यात गेलेली. अण्णा त्याच्याकडे गेले तेव्हा मी शेजारी म्हणून तिथेच होतो. शिवराम म्हणाला, "दादा, वाटणी तूच केलीस ना? तवा बरोबर होती, आता चुकली काय? तुझ्या वाट्यातनं दे." अण्णांनी मुलांना विचारलं, तर दोघांनी बायकांकडे पाहिलं आणि दुसराच विषय काढला. जन्मभर न्याय करत फिरलेल्या माणसाकडे बहिणीला द्यायला एक कोपरा नव्हता. मला अण्णांचा राग आला, आणि वाईटही फार वाटलं.

शेअर रिक्षाने आम्ही कॅम्प तीनला गेलो. बनूबाई गोधडीवर बसली होती. अण्णा तिच्यासमोर लहान पोरासारखे रडले. "बने, चुकलं गं माझं. मी दोनच वाटे पाडले."

"तिसरा पाडला असतास तरी मी तुम्हा दोघांनाच देऊन टाकला असता, दादा," ती म्हणाली. "पण मला एकदा विचारायचंस तरी."

शेवटी बदलापूरला एका वृद्धाश्रमात तिची सोय झाली. सोडायला अण्णा आणि मीच गेलो. तिथल्या बाईंनी सहज विचारलं, "आजी, माहेरी कोण आहे तुमच्या?"

"दोन भाऊ आहेत ना!" बनूबाई लगेच म्हणाली. "मोठं घर आहे आमचं जांभूळला."

अण्णा तोंड फिरवून उभे राहिले.