प्रत्येक ओट्यावर वाचलेली बातमी

दामूअण्णा गेल्याचं मला पालघरच्या बाजारात चहावाल्यानं सांगितलं. त्यांच्याच साप्ताहिकाला ही बातमी सगळ्यांत उशिरा मिळाली... अण्णांनी मला चांगलंच फैलावर घेतलं असतं.

साप्ताहिक आम्हा दोघांचं. ते लिहायचे, मी छपाईचे खिळे जुळवायचो. त्यांची एक खोड होती. ज्यानं बातमी सांगितली, त्याला ती छापण्याआधी वाचून दाखवायची. तारापूरला अणुवीजप्रकल्पाचं काम सुरू झालं आणि जवळच्या कोळणींची बाजाराला जायची वाट कुंपणात गेली. त्यांच्यातल्याच एकीनं ते अण्णांना सांगितलं. तिचा नवरा कुंपणाच्या आत मजुरीला होता. तिचं नाव फुटलं असतं, तर त्याचं काम गेलंच म्हणून समजा. बातमीचा सुगावा पोलिसांना लागला. त्यांचे साहेब आमच्या कचेरीत आले. म्हणाले, "देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. कोण बोललं?"

अण्णांनी मजकूर पुढ्यात ओढला आणि पहारा कुठं असतो ती ओळ स्वतःच खोडली. "एवढं तुमचं बरोबर. पण वाट बंद झाली हे काही गुपित नाही, आणि नाव मिळणार नाही."

त्या दिवसापासून साध्या वेशातला एक शिपाई त्यांच्या मागावर राहिला. वाचून दाखवायचं तर होतंच! मग अण्णांनी कोळीवाड्यातल्या प्रत्येक ओट्यावर बसून तीच बातमी वाचली. शिपाई वाळूतून पाय ओढत मागं. शेवटी एका म्हातारीला त्याची दया आली. "तू बी बस रं. पानी पी. तुला बी आयकायचं हाय ना?"

बातमी छापली. पुढं आमचं टपाल फोडलेलं येऊ लागलं. मी चिडायचो. अण्णा म्हणायचे, "वाचू दे रे. निदान एक तरी वाचक नियमित आहे." मलाही त्यांनी ते नाव कधी सांगितलं नाही, आणि त्याचा मला रागही यायचा.

परवा एक बाई कचेरीत आली, टोपली दाराशी ठेवून बाकावर टेकली. "ती मीच," म्हणाली. "अन्नांनी माजं नाव काडलं नाय कवा. आता तुमी लिवा. मी नाय भीत." मला भरून आलं. मी लगेच नाव जुळवायला घेतलं, आणि मग हात थांबला.

"तुमचे मालक अजून तिथंच कामाला?"

"हाय ना."

"त्यांना विचारलंत?"

ती बाकावरून उठली, टोपली उचलून म्हणाली, "इचारून येते."

अजून आलेली नाही. म्हणून तिचं नाव इथं नाही.